चार नंबरचा चारिझार्ड

माळा आवरताना सोनपापडीचा डबा सापडला आणि त्यात निघाला एक ड्रॅगन. त्याला गिऱ्हाईक शोधायला निघाले, तर वाट थेट माजिवड्याच्या गावठाणात गेली...

माजिवडा ही उतरायची जागा नाही, वळायची जागा आहे. पूर्व द्रुतगती मार्गाने मुंबईहून सुसाट (म्हणजे कॅडबरी जंक्शनपर्यंत सुसाट, पुढचं देवाच्या हातात) आलात की इथे प्रत्येकाला आयुष्याचा निर्णय घ्यावा लागतो. सरळ गेलात तर नाशिक. डावीकडे घुसलात तर घोडबंदर रोड. कापूरबावडीला चुकीची लेन पकडलीत तर बाळकुम, कशेळी करत थेट भिवंडी, आणि मग तिथून यू-टर्न मिळेपर्यंत घरच्यांशी फोनवर गप्पा. वर फ्लायओव्हर, खाली सिग्नल, बाजूला मेट्रो ४ चे खांब. आपण ठाण्याचे आहोत हे सांगणारे लाखो लोक रोज माजिवड्यावरून जातात, पण 'माजिवड्यात गेलो होतो' असं म्हणणारा माणूस विरळाच.

मी म्हणते. कारण मी तिथली आहे.

स्टेशनवरून रिक्षा केली की आजही रिक्षावाले काका आरशातून विचारतात, "विवियाना ना?" २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या मॉलची पाटी बदलून लेक शोअर झाली, पण रिक्षावाल्यांना कोण सांगणार? आणि मला मॉलला जायचंच नसतं. "माजिवडा गाव," असं मी म्हटलं की काका एकदा मागे वळून बघतात. जीन्स, सॅक, कानात इअरफोन, आणि गाव? हो काका, गाव. टॉवरच्या मागे अजून आहे. देवळाकडे जाणारी गल्ली आहे, सुकत घातलेली बोंबील-मांदेली आहेत, दोन बुलेट आडव्या लावल्या की बंद होणारा रस्ता आहे. विधानसभेच्या मतदारसंघाला ओवळा-माजिवडा म्हणतात, महापालिकेच्या प्रभाग समितीला माजिवडा-मानपाडा. म्हणजे सरकारदरबारी माजिवडा भरपूर मोठं. पण खरं माजिवडा चालत पंधरा मिनिटांत संपतं.

त्या गावठाणाला लागून आमची बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही, प्रत्येक मजल्यावर जिन्यात एक ट्यूबलाइट आणि त्यातली निम्मी बंद. आता ती रीडेव्हलपमेंटला चाललीय. सह्या झाल्या, पेढे झाले, बिल्डर भाडं देणार हेही झालं. उरलं होतं फक्त घर रिकामं करणं. जूनच्या पहिल्या शनिवारी आईने मला माळ्यावर चढवलं. "तुझं काय ते बघ, नाहीतर भंगारवाल्याला देते," हे तिचं उद्घाटनाचं भाषण.

माळ्यावर काय नव्हतं! तुटका टेबलफॅन, माझी दहावीची गाइडं, गणपतीचं थर्माकोलचं मखर (आता चालतही नाही ते), आणि सोनपापडीचा एक पत्र्याचा डबा. डबा हलवला. खुळखुळ नाही, खसखस आवाज. मला लगेच कळलं आत काय आहे. अंगावर काटा आला म्हणतात ना, तसं झालं. आणि खरं सांगू? त्यातला थोडा काटा आनंदाचा नव्हता.

जिन्यातला शेअर बाजार

डब्यात होती २११ कार्डं. मी मोजली. ३८ डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, जी माझ्या मोठ्या चुलतभावाकडून वारशाने आलेली. अंडरटेकरचं कार्ड इतकं मळलेलं की तो खरंच थडग्यातून आल्यासारखा दिसत होता. उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट्स लढल्या, किती जिंकल्या... आमच्या पिढीने 'जास्त' आणि 'कमी' या कार्डांवर शिकलंय, गणिताच्या पुस्तकात नाही. (मे २००२ मध्ये कंपनीने नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केलं, कारण तीच अक्षरं वापरणाऱ्या वन्यजीव संस्थेने कोर्टात खेचलं होतं. पांडाने अंडरटेकरला हरवलं, बॉस! आपल्याकडच्या कार्डांवर मात्र जुनंच नाव बरीच वर्षं नांदत होतं.) २६ टॅझो, चिप्सच्या पाकिटातले, अजून मसाल्याचा वास येतोय असा मला भास झाला. आणि १४७ पोकेमॉन कार्डं.

आमच्याकडे कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आलं २००३ मध्ये. मी तेव्हा सहा वर्षांची. पुढची तीन-चार वर्षं आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात जो काही व्यवहार चालायचा, तो बघून दलाल स्ट्रीटनेही टोपी काढली असती. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात रुपयाला दोन कार्डं मिळायची. चकचकीत हवं असेल तर रुपयाला एक. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पाच ते सात बाजार. चोऱ्या व्हायच्या म्हणून प्रत्येकजण आपल्या कार्डाच्या मागे, कोपऱ्यात, बॉलपेनने फ्लॅटचा नंबर टाकायचा. मी अकरा नंबर. तळमजल्यावरचा माझा मित्र चार नंबर. आम्ही त्याला हाकही तशीच मारायचो, "ए चार नंबर, खाली ये!" तो खालीच असायचा, हा वेगळा मुद्दा.

ही पिढीजात खोड आहे बरं का. माझा धाकटा मामा सांगतो, ऐंशीच्या दशकात ते बिग फन बबलगम घ्यायचे ते बबलगमसाठी नाहीच. आत क्रिकेटरचं कार्ड, त्यावर रन नाहीतर विकेट. त्या जमवायच्या. मामाचे दात गेले, पण रन पुरे झाले नाहीत. आणि त्याहून मागे जायचं तर सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा आहेत, दशावताराच्या. पत्त्यावर चित्र काढा आणि माणूस वेडा होतो, एवढंच.

तर चार नंबर. त्याची आत्या न्यू जर्सीत नर्स. ती २००५ च्या दिवाळीत आली आणि तिने त्याला एक कार्ड दिलं, तिच्या शेजाऱ्यांच्या मोठ्या झालेल्या मुलाने दिलेलं. चारिझार्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला नारिंगी ड्रॅगन. चित्राची चौकट हललं की चमकायची. कागद वेगळा होता. कडक, पण गुळगुळीत, हातात घेतल्यावर पत्त्यांच्या महागड्या कॅटसारखा. त्यावर ताकद लिहिलेली होती १२०.

माझ्याकडे रुपयाला दोनवाले चारिझार्ड होते. त्यांची ताकद होती ३००. एकाची तर ९९९.

मी त्याला म्हणाले, "तुझा फक्त एकशेवीसचा आहे. माझे बघ. मी तुला वीस कार्डं देते, सगळी तीनशेच्या वरची. तू बिल्डिंगमध्ये सगळ्यात स्ट्राँग होशील."

तो हो म्हणाला. मी आठ वर्षांची होते. आणि मला माहीत होतं. त्याचं कार्ड खरं आहे आणि माझी खोटी आहेत हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण बोटांना कळलं होतं. वीस वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आता थेट छापून देतेय.

खरं काय, खोटं काय

एप्रिलमध्ये माझा लॅपटॉप गेला. फ्रीलान्सरचा लॅपटॉप जाणं म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षा जाणं. एका ठिकाणचं मानधन आठ महिने 'प्रोसेसमध्ये' आहे. कोणती प्रोसेस ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे डबा उघडल्यावर माझ्या मनात पहिला विचार बालपणाचा आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिला विचार आला, केवढ्याला जाईल?

कारण आकडे आपण सगळ्यांनी वाचलेत. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. लोगन पॉल या यूट्यूबरने २०२१ मध्ये पिकाचूचं एक दुर्मीळ कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतलं आणि गळ्यात घालून कुस्तीच्या रिंगणात उतरला. आणि आपला चारिझार्ड? मार्च २०२२ मध्ये एक नग ४ लाख २० हजार डॉलरला. रुपयांत किती होतात ते मी त्या रात्री तीनदा करून बघितलं.

मग सकाळ झाली आणि अभ्यास सुरू केला.

पहिला धक्का: माझ्या १४७ पैकी १४६ कार्डं बनावट. आपल्या सगळ्यांचं बालपण बनावट कार्डांवर गेलंय, मंडळी. गल्लीत मिळायची ती बहुतेक सगळी इथलीच किंवा चीनची छपाई. ओळखायला सोपी असतात. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये एक काळपट थर असतो, त्यामुळे मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड फारसा आरपार येत नाही. बनावट कार्ड कंदिलासारखं उजळतं. बनावट कार्डाच्या पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट. खऱ्या कार्डाचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, बनावटवाल्यांच्या कात्रीला असले लाड माहीत नव्हते. आणि ताकद! तेव्हाच्या खऱ्या पत्त्यांमध्ये १२० म्हणजे डोक्यावरून पाणी. ३०० आणि ९९९ ही आमच्या प्रिंटरच्या मनाची श्रीमंती.

एकच कार्ड टॉर्चसमोर काळं राहिलं.

दुसरा धक्का: खरं असणं पुरेसं नाही. इंग्रजीतला पहिला संच जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत आला (जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्येच आला होता). त्यात १०२ कार्डं, चारिझार्डचा नंबर ४. चित्र मित्सुहिरो अरिता यांचं. पण छपाया अनेक झाल्या. अगदी पहिल्या छपाईवर चित्राच्या खाली डाव्या बाजूला छोटा शिक्का असतो, ते चार लाख डॉलरवालं. त्यानंतरची थोडी कार्डं अशी की चित्राच्या चौकटीच्या उजवीकडे सावली नाही. त्यांनाही चांगला भाव. आणि मग सावलीवाली, जी ढिगाने छापली. माझ्याला सावली होती. ठसठशीत.

तिसरा धक्का अवस्थेचा. अमेरिकेतली पीएसए ही १९९१ पासूनची कंपनी कार्ड तपासते, १ ते १० गुण देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करते. चारही कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र बरोब्बर मधोमध आहे की नाही, सगळं बघतात. ते ४ लाख २० हजारवालं कार्ड दहापैकी दहा होतं. करोनाच्या काळात घरात बसलेल्या जगाने इतकी कार्डं पाठवली की मार्च २०२१ मध्ये कंपनीला बहुतेक कामं घेणंच थांबवावं लागलं. आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांनी कार्डांची काउंटरवरची विक्री बंद केली, कारण लोक मारामाऱ्या करत होते. माझं कार्ड मात्र कंपासपेटीत राहिलेलं. कडांना पांढरे ओरखडे. वर ठाण्याचे वीस पावसाळे. चमकत्या कार्डात धातूचा पातळ थर असतो, तो ओल पीत नाही, कागद पितो, म्हणून कार्ड पापडासारखं वाकतं. माझं वाकलं होतं.

आणि पाठीमागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: ४.

मॉलमधला पहिला सौदा

विकायचं कुठे? एकेकाळी ईबेची भारतातली साइट होती, ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडली. आता सगळा मामला व्हॉट्सअॅप ग्रुप आणि इन्स्टाग्रामच्या स्टोऱ्यांवर. फोटो टाका, भाव टाका, पहिला 'मी घेतो' म्हणेल त्याचं. ग्रुपमध्ये भाषा टक्क्यांची असते: अमेरिकेत जो भाव आहे त्याच्या साठ टक्के, सत्तर टक्के. आणि इथे नवखे आपटतात. भाव म्हणजे लोक मागतात तो आकडा नव्हे. मागायला काय, मीही माझ्या अंडरटेकरचे पाच लाख मागेन. भाव म्हणजे ज्या आकड्याला खरंच विकलं गेलं तो, आणि तोही आपल्यासारख्याच फाटक्या कार्डाचा. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाची वेगळी यादी उघडता येते. ती बघितली की रात्रीची स्वप्नं उतरतात.

ग्रुपमधल्या एका मुलाने भेटायचं ठरवलं, मॉलच्या फूड कोर्टमध्ये. एसवायला असेल. सॅकमधून त्याने सोनारासारखं भिंग काढलं, छोटा टॉर्च काढला, आणि माझं कार्ड दोन्ही कडांना धरून असं उचललं की मला वाटलं हा पुढे डॉक्टर होणार. पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, साडेतीन हजार."

मी काहीतरी म्हणणार, तेवढ्यात त्याने कार्ड उलटं केलं. "हा चार नसता ना, तर दुप्पट दिले असते." मग हळूच, "स्पिरिटने पुसता येतो. मी करून देऊ? कळत नाही कुणाला."

कळतं. ग्रेडिंगवाले लिहिलेल्या कार्डावर 'एमके' असा वेगळा शेरा मारतात, आणि पुसल्याची खूण दिसली तर कार्डात फेरफार केला म्हणून परतही पाठवू शकतात. पण तो काही ग्रेडिंगला पाठवणार नव्हता, तो पुढच्याला खपवणार होता. पुढचा त्याच्या पुढच्याला. मी त्या चारकडे बघत बसले. चारची ती उभी रेघ जरा तिरकी. चार नंबर डावरा होता.

"मला थोडा वेळ दे," म्हटलं आणि उठले. मॉलच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की आवाज एकदम बदलतो. एसीचा गारवा संपतो, हायवेचा घोंगाट सुरू होतो, आणि मग एका वळणावर दोन्ही नाही, फक्त कुणाच्या तरी घरातला कुकर. मी गावठाणात शिरले.

काय गो, रस्ता चुकलीस?

चार नंबरच्या घरच्यांनी आमच्या बिल्डिंगमधली भाड्याची खोली २००९ मध्येच सोडली आणि ते गावात आजोबांच्या घरी परतले होते. अंतर तीनशे पावलं. वीस वर्षांत मी ती तीनशे पावलं चालले नव्हते. टॉवरमधल्या लोकांना गाव माहीत नसतं यावर मी याच लेखात वर टोमणा मारलाय, तेव्हा हेही लिहायला हवं.

त्याचं दुकान आहे, जुने मोबाइल घेणं-विकणं आणि रिपेअर. काउंटर चार फुटी, मागे ड्रॉवरच ड्रॉवर. तो सुट्या मदरबोर्डवर वाकलेला. वर न बघता म्हणाला, "डिस्प्ले का बॅटरी?"

"अकरा नंबर," मी म्हटलं.

त्याने चष्मा वर केला. "काय गो, रस्ता चुकलीस?"

चहा आला. काकी आतून आल्या, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, बिल्डर किती भाडं देतोय याची त्याहून बारीक चौकशी झाली. मग मी कार्ड काउंटरवर ठेवलं.

तो बराच वेळ गप्प. मग उलटं केलं, चार बघितला.

"तुला माहीत होतं ना तेव्हा?"

"हो."

"मला पण कळलं नंतर. आठवड्याभरात. तुझ्या त्या कार्डांचा रंग हाताला लागायचा." तो हसला, पण पूर्ण नाही. "आत्याने न्यू जर्सीहून फोन केला होता, कार्ड सांभाळून ठेव, जपून ठेवण्यासारखं आहे. आईने शोधायला लावलं. मी म्हटलं हरवलं. लाटण्याने मारलं तिने मला."

काकी आतूनच म्हणाल्या, "एवढाशा कागदासाठी मारलं होय मी?"

"तुझं नाव नाही सांगितलं," तो म्हणाला.

मी ते कार्ड त्याच्याकडे सरकवलं. तुझं आहे, ठेव. माझी तयारी अशी होती की तो भावुक होईल, कार्ड गल्ल्यात ठेवेल, मी लॅपटॉपशिवाय पण स्वच्छ मनाने घरी जाईन. त्याने कार्ड उचललं, लाइटखाली धरलं आणि विचारलं, "भाव किती सांगितला?"

साडेतीन हजार, मी म्हटलं. तो असा हसला की बाजूच्या चिकनवाल्याने डोकावून बघितलं.

पुढचा अर्धा तास मी जे शिकले ते मास मीडियाच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. सेकंडहँडच्या धंद्यात त्याची दहा वर्षं गेलीत. पहिला मुद्दा, गिऱ्हाइकाच्या जागेवर जायचं नाही, त्याला आपल्या जागेवर आणायचं. दुसरा, दोष आपणच आधी सांगायचा, फोटोसकट, मोठा करून. "डिस्प्लेला रेघ आहे हे मी सांगितलं तर ती रेघ राहते. गिऱ्हाइकाने शोधली तर ते हजार रुपये होतात." फोटो फ्लॅशने काढायचे नाहीत, खिडकीच्या उजेडात, कार्ड जरा तिरकं धरून, म्हणजे ओरखडेही दिसतात आणि चमकही. पुसायचं काहीच नाही, स्पिरिट तर नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "ज्याला पुढे विकायचंय त्याला देऊ नको. तो त्याचा नफा कापूनच बोलणार. ज्याला घरी ठेवायचंय त्याला शोध."

हे बोलत असताना त्याने ड्रॉवरमधून नव्या फोनच्या खोक्यातली सिलिका जेलची पाकिटं काढली, एका हवाबंद डब्यात चार टाकली, कार्ड दोन स्क्रीनगार्डच्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवून झाकण लावलं. "वाक जाईल थोडा. घाई करायची नाही."

म्हणजे विकायचं? मी विचारलं. तुझ्या आत्याची आठवण वगैरे?

"आत्या व्हिडिओ कॉलवर रोज असते," तो म्हणाला. "तिची आठवण काढायला वेळ कुठे देते ती!"

साडेनऊ

जाहिरात मी लिहिली, फोटो त्याने काढले. मजकुरात पहिलीच ओळ: पाठीमागे पेनने '४' लिहिलेला आहे. दुसरी: कडा पांढऱ्या, कंपासपेटीत वाढलेलं. तिसरी: टॉर्चचा व्हिडिओ मागाल तर पाठवू. भाव ठेवला बारा हजार. अमेरिकेत अशा मार खाल्लेल्या, सावलीवाल्या कार्डांचे विकले गेलेले आकडे बघून, त्यात बाहेरून मागवायचं तर लागणारं टपाल आणि कस्टम डोक्यात धरून, घासाघीसीला जागा सोडून. पहिल्या दिवशी सात जण आले. पाच जणांनी "लास्ट काय?" एवढंच विचारलं. फूड कोर्टवाला मुलगाही आला, आता पाच हजारांवर. चार नंबरने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, येऊन बघा. कुणी आलं नाही.

आठव्या दिवशी घोडबंदर रोडवरून एक जण आला. आयटीत, पस्तिशीचा, हेल्मेट हातात, पावसाने अर्धा भिजलेला. भिंग नव्हतं, टॉर्च नव्हता. कार्ड हातात घेतल्यावर त्याने आधी चित्र बघितलंच नाही, उलटं करून चार बघितला. "आमच्याकडे आद्याक्षरं टाकायचे," तो म्हणाला. डोंबिवलीत, चाळीत. त्याची सगळी कार्डं २००५ च्या जुलैच्या पुरात गेली होती. पहिल्या संचाची १०२ कार्डं तो एकेक करून गोळा करतोय, नऊ खणी पानांच्या फाइलमध्ये, ग्रेडिंग वगैरे काही नको, फक्त खरी हवीत. चार नंबरची जागा दोन वर्षं रिकामी.

चार नंबरने काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. म्हणजे, बोलू नको.

साडेआठ, तो म्हणाला. साडेदहा, चार नंबर म्हणाला. मग दोघं पावसावर बोलले, कापूरबावडीच्या ट्रॅफिकवर बोलले, गोल्डन डाईज नाक्यावर पाणी भरतं का यावर बोलले. मी घामाघूम. शेवटी साडेनऊवर हात मिळाले. त्याने स्कॅन केलं आणि काउंटरवरचा डबडा ओरडला. साडेनऊ हजार. कार्ड त्याने आणलेल्या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात गेलं, पाकीट वहीत, वही सॅकमध्ये, सॅक रेनकोटच्या आत. किक मारली आणि तो हायवेच्या दिशेने दिसेनासा झाला.

"सगळे तुझे," मी म्हटलं. "कार्ड तुझं होतं."

"अर्धे. वीस वर्षांचा स्टोअरेज चार्ज." त्याने माझा नंबर टाकला. माझा फोन वाजला, ४,७५०. लॅपटॉप येत नाही एवढ्यात. पण गेलेला मदरबोर्ड तो बघतो म्हणालाय, सोमवारी घेऊन जायचाय.

मी छत्री उघडून पायरी उतरले, तर फोन परत वाजला. त्याच्याकडून आणखी १० रुपये.

"हे कशाचे?"

"वीस कार्डं दिली होतीस ना," तो मदरबोर्डवर वाकत म्हणाला. "रुपयाला दोन."